संगणकाचा पंखा का घोंघावतो?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शिरूर तालुक्यात सणसवाडी हे गाव आहे. भोवती कारखाने, रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ आणि जिकडेतिकडे धूळ. समजा, तुमची शाळा याच गावात आहे आणि शाळेच्या कार्यालयात दहा-बारा वर्षांचा जुना संगणक आहे. सकाळी तो निमूटपणे काम करतो. एप्रिलच्या दुपारी मात्र त्याचा पंखा घोंघावू लागतो आणि ऐन गुणपत्रिका तयार होत असताना यंत्र आपोआप बंद पडते. "द्या आता भंगारात!" असे कोणीतरी म्हणतेच. पण जरा थांबा.

संगणकाला दिलेली वीज अखेर जवळजवळ सगळीच उष्णता बनते. त्यातला मोठा वाटा प्रोसेसरचा. पुष्कळशा प्रोसेसरांतून भर कामाच्या वेळी ६५ वॉट उष्णता बाहेर पडते, आणि तीही एक-दोन चौरस सेंटीमीटरच्या चिपमधून! कपड्यांची इस्त्री ७५० वॉटची असली तरी तिचा तळ बराच मोठा असतो. चौरस सेंटीमीटरमागे हिशेब केलात तर चिप इस्त्रीला कितीतरी मागे टाकते.

म्हणून चिपवर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवतात. पात्यांमुळे हवेला भिडणारे पृष्ठफळ वाढते. चिप आणि ठोकळा यांच्या फटीत हवा राहू नये म्हणून एक लेप लावतात. अॅल्युमिनियम हवेच्या सुमारे नऊ हजारपट उष्णता वाहून नेते, तेव्हा केसाएवढी फटही महागात पडते. लेप वर्षानुवर्षांनी वाळतो, पात्यांत धुळीची गादी बसते. चिपच्या पोटातला तापमापक पंख्याला आणखी जोरात पळवतो. तरीही पारा शंभर अंशांच्या आसपास गेला, की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि शेवटी यंत्र बंद होते. म्हणजे तो बिघाड नव्हे, स्वसंरक्षण आहे!

आता कान द्या. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाशी आणि दुसरे पेटीच्या निरनिराळ्या बाजूंना धरा. एकसारखा 'घूं' आवाज येत असेल तर पंखा धडधाकट आहे, फक्त उष्णतेमागे धावतो आहे. 'खर्र' आवाज सुरुवातीला येऊन थोड्या वेळाने थांबत असेल तर आसाचे तेल वाळले आहे. पेटीवर हात ठेवताच आवाज बदलला तर एखादा स्क्रू सैल आहे. मधूनच 'टकटक' होत असेल तर एखादी तार पात्याला लागत असावी.

साफसफाई शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. आधी प्लग काढा आणि पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिरविद्युत जाऊ द्या. मऊ ब्रशने पात्यांतली धूळ काढा. फुंकणीने हवा मारणार असाल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. तो भलत्या वेगाने फिरला तर आसाची झीज होते. आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब पुरे. खोबरेल तेल नको बरे का, ते थंडीत गोठते! वीजपुरवठ्याचा बंद डबा मात्र मुळीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या धारित्रांत घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

काहीजण पेटीचे झाकण कायमचे काढून ठेवतात. त्याने कधी बरे वाटते, कधी नाही, कारण हवेची ठरलेली वाट मोडते. धूळ मात्र नक्कीच जास्त शिरते.

एक गोष्ट पंख्याच्या हातची नाही. खोलीतल्या हवेहून चिप थंड करणे त्याला जमत नाही. काम तेच असेल आणि पंख्याचा वेगही तोच असेल, तर डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ६० वर असलेली चिप मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ७८ च्या आसपास जाते. हवेला उष्णता फारशी पेलत नाही, हेही खरे. पुण्याच्या आयसर संस्थेतला 'परम ब्रह्म' हा महासंगणक म्हणूनच द्रवाने थंड ठेवतात. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या हजारो पट उष्णता सामावून घेते.

आपण वहीत नोंद ठेवू या. यंत्र सुरू होताना सेटिंगच्या पडद्यावर बहुधा प्रोसेसरचे तापमान दिसते. ते आणि खोलीतल्या तापमापकावरचा आकडा दर सोमवारी ठरल्या वेळी लिहा आणि वजाबाकी करा. उन्हाळा असो वा हिवाळा, हा फरक जवळपास तोच राहायला हवा. तो वाढत चालला, की ब्रश काढा.