चाकरमानी गावात असतात तेव्हा

सकाळी 7.30

गणपतीत सिंधुदुर्गातल्या वकिलाला सुट्टी नसते. मुंबई, ठाणे, पुण्याला असलेले सगळे हिस्सेदार वर्षातून याच दिवसांत एका छपराखाली असतात आणि आरती आटोपली की जमिनीचा विषय निघतोच. पहिला फोन डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा, अर्थात गावच्या घरून. "वकीलबाई, आजोबा जाऊन पन्नास वर्षं झाली, नाव अजून त्यांचंच आहे. जमीन सरकारजमा तर होणार नाही ना?"

नाही होत. माणूस गेला त्याच क्षणी हक्क वारसांकडे येतो. नोंद मागाहून येते. दिवसभरात हे एकच वाक्य मी निरनिराळ्या लोकांना सांगत असते. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडाला असं समजणारे एका बाजूला, नाव आहे म्हणून सगळं आपलंच असं समजणारे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या जातीची माणसं जास्त भांडतात.

9.30

तेच गृहस्थ चुलतभावाला घेऊन ऑफिसात. सातबारा, 8अ आणि एक पिवळा पडलेला फेरफार. आजोबांच्या मागे थोरल्या काकांचं एकट्याचं नाव लागलेलं, पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या काळी असं सर्रास करत: सारा भरायला एक माणूस हवा, म्हणून थोरला. आता त्या थोरल्याचा नातू म्हणतो की जमीन आजोबांची एकट्याची होती. ही अक्षरं त्याच्या विरोधात साक्ष देतात, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पाठकोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घेतली. जमीन आजोबांनी स्वतः खरेदी केलेली. ते 1971 साली मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, तीन मुलगे, दोन मुली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार सगळे सारखे, प्रत्येकी सहावा हिस्सा. पुढे आजी गेली, तिचा सहावा पाच मुलांत वाटला. बेरीज केली की प्रत्येकाचा पाचवा.

"आणि धाकटी आत्या? ती तर 1998 ला गेली."

तिचा पाचवा तिच्या नवऱ्याला आणि मुलांना. दोघांचे चेहरे पडले, कारण आत्याची मुलं बेळगावला आहेत आणि त्यांना कोणी गणपतीला बोलावत नाही.

तेवढ्यात दारातून तिसरे डोकावले. त्यांची जमीन वडिलोपार्जित आणि प्रश्न ठरलेला: "ताईचं लग्न 85 साली झालं, तिला कसला हिस्सा?" महाराष्ट्राने 1994 साली कायदा बदलला तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, भावांच्या तेवढंच पक्कं लक्षात राहिलंय. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे, लग्न झालेलं असो नसो. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेलं नोंदणीकृत वाटप मोडता येत नाही.

"तोंडी वाटणी झाली होती आमची," गृहस्थ म्हणाले. सगळ्यांचीच झालेली असते.

11.15

कोर्ट. वाटपाचा दावा, प्रतिवादी बावीस. एक वारले, त्यांचे वारस 90 दिवसांत दाखल करायचे, तो अर्ज दिला. असा दावा रांगत का चालतो ते इथे कळतं: एकाचं नाव लावेपर्यंत दुसरा जातो. हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडून, मोजणी करून. पुढची तारीख घेऊन बाहेर.

1.00

तलाठी कार्यालय. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, पण हाक 'तलाठीभाऊ' अशीच. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला तरी हक्क जात नाही, फक्त कागद वाढतात. 2025 साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयतांची नावं कमी करून वारसांची लावायला. कोकणात तिला काम भरपूर. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. नोटीस जुन्या गावच्या पत्त्यावर जाते, घराला कुलूप असतं आणि हरकत येत नाही. असे फेरफार पुढे प्रांतांकडे अपिलात मीच लढवते, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?

3.00

दुय्यम निबंधक कार्यालय. सर्व्हर बंद, बाकावर पाच माणसं: दोन भाऊ, बहीण, ओळखीचे दोन साक्षीदार. दस्त हक्कसोडपत्राचा. फी भावांनी दिलीय, पण सही ज्याची त्याला कागद समजावून देणं माझं काम. म्हणून बाईंना बाजूला झाडाखाली नेलं. साठीच्या आसपास, हातात आधार कार्ड घट्ट धरलेलं.

"माका काय नको. भाऊ म्हणतत तां करूया. खंय सही करूची?"

दस्तातला एक एक सर्व्हे नंबर वाचून दाखवला. भातजमिनीची त्यांना कल्पना होती. खाली रस्त्यालगतच्या काजूच्या बागेचाही नंबर होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाऊ तो सांगायला विसरले होते, असं आपण धरून चालू.

"आणि सही नाय केलंय तर?"

काही होत नाही. हिस्सा आहे तिथेच राहतो. पण एकदा नोंदणी झाली की परत फिरणं कठीण. फसवणूक कोर्टात शाबीत करावी लागते, तीही कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावून. उलट, नुसत्या शंभराच्या स्टँपवर पूर्वी दिलेली 'मी हक्क सोडला' अशी चिठ्ठी जमिनीच्या बाबतीत टिकत नाही, 1908 च्या नोंदणी कायद्यामुळे. आणि वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टाच्या घरावरचा 'उद्याचा हक्क' लिहून घेणारेही भेटतात. जो हक्क अजून आलाच नाही तो सोडता येत नाही. तो कागद निरर्थक.

बहिणीने हक्क सोडू नये असं माझं म्हणणं नाही. समजून सोडणाऱ्याही पाहिल्यात, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. पण तो हिशेब तिने करायचा, भावाच्या वकिलाने नाही. बाई म्हणाल्या, आज नको, मुलाला विचारते. सर्व्हर चालू झाला तेव्हा आमचा टोकन नंबर दुसऱ्याला गेला होता.

5.30

एका मास्तरांच्या घरी, मृत्युपत्राला. दोन साक्षीदारांसमोर सही, त्यांच्याही सह्या. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी मी करायला सांगते. मास्तरांचा फ्लॅट विरारला, नॉमिनी थोरला मुलगा. "म्हणजे फ्लॅट त्याचाच ना?" नव्हे. नॉमिनी हा सोसायटीच्या दप्तरी तात्पुरता सदस्य, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. मास्तरांनी धाकटीचं नाव घालायला सांगितलं आणि थोरल्याला चहा आणायला आत पाठवलं.

8.30

पेडण्याला दिलेल्या एका मुलीचा फोन: सासरच्या घरात तिचं काय? तेरेखोल ओलांडली की कायदा बदलतो. गोव्यात सहसा लग्नाबरोबरच नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, निम्मी तिची. मुलांना डावलून मृत्युपत्राने निम्म्याच्या वर कोणाला देताही येत नाही. तिला म्हापशाच्या वकिलाचा नंबर दिला.

मग दुपारच्या थोरल्या भावाचा. आवाज चढलेला. "बहीण सही देत नाही, आता आमची वारसनोंद अडली ना?" अडलेली नाही. वारसनोंदीला तिची सही लागत नाही, तिचं नाव मात्र लागेल. उद्या वडिलांचा मृत्यूचा दाखला, सगळ्या भावंडांचे पत्ते आणि जुने फेरफार घेऊन या म्हटलं. काजूच्या बागेचाही.