गेम-कन्सोलची जागा भरली. डिस्क कोणती घ्यावी?

शाळांना सुट्टी लागली की गेम-कन्सोलवर ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येते आणि मुले नवी डिस्क मागू लागतात. डहाणू-तलासरीतल्या पालकांनाही आता हा प्रश्न पडतो. दुकानदार दाखवेल ती डिस्क उचलण्यापूर्वी थोडे समजून घ्यावे.

सुरुवातीच्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबी साठवण आहे. त्यातली सुमारे ६६७ जीबी गेमसाठी मिळते. काही मोठे गेम एकेकटे १०० जीबीच्या वर जातात. म्हणजे असे पाच-सहा गेम टाकले की जागा संपते.

पहिला उपाय फुकटचा आहे. खेळून झालेला गेम काढून टाका. खेळातली प्रगती ‘सेव्ह’ म्हणून वेगळी जपलेली असते. गेम काढताना ती पुसू नका, म्हणजे झाले. अडचण इंटरनेटची. वेग कमी असेल तर तोच गेम पुन्हा उतरवायला कित्येक तास जातात.

तिथे दुसरा उपाय येतो, यूएसबीने जोडायची बाहेरची डिस्क. ही पडवीतली कणगी समजा. धान्य तिथे सुरक्षित राहते, पण शिजवायचे तर घरात आणावे लागते. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीजचे नवे गेम या डिस्कवर ठेवता येतात, मात्र तिथून चालत नाहीत. जुन्या पिढीचे गेम चालतात. कारण वेगाचे आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी माहिती वाचते; प्लेस्टेशनची आतली एसएसडी साडेपाच हजार.

तिसरा उपाय महागडा. प्लेस्टेशन ५ मध्ये एम.२ प्रकारची, चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी आत बसवता येते. ती हीटसिंकसह, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसह घ्यावी. एक्सबॉक्सला त्याचे खास कार्ड लागते. निन्टेन्डो स्विचला साधे मायक्रोएसडी कार्ड चालते, पण स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेसच हवे. नाव सारखे वाटले तरी कार्डे वेगळी आहेत. पैसे फुकट जातात ते इथेच.

आपल्या भागासाठी दोन सूचना. किनाऱ्याची दमट, उकाड्याची हवा पाहता कन्सोल बंद कपाटात कोंबू नका. त्याच्या झरोक्यांना वारा लागू द्या. नोव्हेंबर २०१८ पासून आपण भूकंपाचे धक्के अनुभवत आलो आहोत. तबकडीची हार्ड डिस्क उंच फळीवर ठेवू नका. चालू असताना पडली तर माहितीसकट जाते. एसएसडीत फिरणारा भाग नसतो.

आता डॉक्टर म्हणून एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार आपल्या आयसीडी-११ या यादीत घेतला असून ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. नुसते तास मोजून हे निदान होत नाही. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळे मागे पडते, नुकसान दिसूनही थांबवत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते, तेव्हा तो आजार. अशी शंका आल्यास मुलाला रागावण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्या घरांत झोप, अभ्यास आणि रोज तासभर मैदान सांभाळले जाते का, एवढे पाहा. जात असेल तर डिस्क खुशाल घ्या. नसेल, तर कोणता गेम ठेवायचा नि कोणता काढायचा हे मुलालाच ठरवू द्या. भरलेली जागा त्याला निवड करायला शिकवेल.