विमानात बसताना आपल्याला न दिसणारी फाइल: हजच्या बॅगेपासून एआरसीपर्यंत

देवळीतले आमच्या ओळखीचे एक चाचा हजहून परत आले. नागपूर विमानतळावर बाहेर आले तर दोनपैकी एकच बॅग. दुसरी तीन दिवसांनी मिळाली. घरी भेटायला गेलो तेव्हा हजच्या गोष्टी राहिल्या बाजूला, आधी तक्रार ऐकावी लागली. "काउंटरवर वजन केलं, पावती दिली, मग बॅग काऊन मागं ठेवली? एवढ्या मोठ्या विमानाला माझी एक बॅग जड झाली का?"

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर विमानातल्या एका जाड पुस्तकात असतं आणि ते पुस्तक कायद्यानं विमानात ठेवावंच लागतं. त्याचं नाव फ्लाइट मॅन्युअल. आपल्या भागातून दरवर्षी लोक हजला, उमराहला आणि नोकरीसाठी आखातात जातात. देवळीहून नागपूरचं विमानतळ दीड-दोन तासांवर. पण विमानात कुठले कागद असतात, ते कोण तपासतं आणि त्यांचा आपल्याशी काय संबंध, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आपण मोटारसायकल घेऊन वर्ध्याला निघालो तर खिशात आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी लागतं. विमानाचंही थोडंफार तसंच, फक्त यादी लांब आहे. या यादीचं मूळ आहे ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो इथं झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात. त्या कराराचं कलम २९ सांगतं की एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रत्येक विमानात काही कागद असलेच पाहिजेत: विमानाचं नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, वैमानिक व इतर कर्मचाऱ्यांचे परवाने, प्रवासाची नोंदवही म्हणजे जर्नी लॉग बुक, रेडिओचा परवाना, प्रवासी असतील तर त्यांच्या नावांची यादी (कोण कुठं चढला, कुठं उतरणार यासकट) आणि माल असेल तर मालाची यादी. सौदी अरेबिया असो की भारत, दोघांनाही हा करार लागू आहे. कलम १६ प्रमाणे दुसऱ्या देशाचं विमान उतरल्यावर किंवा निघताना, विनाकारण उशीर न करता, त्याची तपासणी करण्याचा आणि हे कागद बघण्याचा हक्क त्या त्या देशाला आहे. म्हणजे सौदी कंपनीचं विमान नागपूरला आलं तर आपला अधिकारी आत चढून फाइल मागू शकतो, आणि आपलं विमान जेद्दाला गेलं तर तिथला अधिकारीही.

भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए बघतं. आधी १९३४ चा विमान कायदा होता. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. खालचे नियम मात्र अजून १९३७ चेच, वेळोवेळी बदललेले. शिवाय भारतीय नोंदणीच्या विमानात कोणकोणते कागद असावेत यावर डीजीसीएचा एक वेगळा नियमच आहे. शिकागोच्या यादीत तो बरीच भर घालतो: आवाजाचं प्रमाणपत्र, कंपनीच्या विमानसेवा परवान्याची प्रत, टेक्निकल लॉग, ऑपरेशन्स मॅन्युअल, आणीबाणीच्या चेकलिस्ट, त्या फेरीच्या वजनाचा तक्ता आणि अर्थात फ्लाइट मॅन्युअल. विमानाच्या अंगावर व्हीटी अशी जी अक्षरं दिसतात ती भारतीय नोंदणीची खूण, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. पुढची तीन अक्षरं म्हणजे त्या विमानाचा स्वतःचा नंबर. सौदीची विमानं एचझेडनं सुरू होतात. पुढच्या वेळी खिडकीतून बघा.

आता चाचांच्या बॅगेकडं येतो.

फ्लाइट मॅन्युअल म्हणजे गाडीसोबत मिळणारं आणि आपण कधीच न उघडणारं माहितीपुस्तक नव्हे. त्याच्या मर्यादा सरकारी यंत्रणेनं मंजूर केलेल्या असतात आणि त्या विमानाच्या उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राशी बांधलेल्या असतात. त्यात लिहिलेलं असतं: जास्तीत जास्त किती वजन घेऊन उडायचं, किती घेऊन उतरायचं, वजनाचा तोल पुढं-मागं कुठपर्यंत चालेल, मागून वारा किती असला तर चालेल, इंजिन बंद पडलं तर काय करायचं, आणि किती तापमानाला, किती उंचीवरच्या विमानतळावर किती लांब धावपट्टी लागेल. या मर्यादा ओलांडल्या की प्रमाणपत्र असूनही ते उड्डाण बेकायदेशीर. वैमानिकाला "आज चालवून घेऊ" म्हणायची मुभा नाही.

यात आपल्या विदर्भाच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय तर तापमान. हवा तापली की विरळ होते. १५ अंशाला जेवढी दाट असते त्यापेक्षा ४५ अंशाला ती साधारण नऊ-दहा टक्क्यांनी पातळ होते. पातळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून तेच विमान तेवढंच वजन घेऊन उठायला जास्त धावावं लागतं. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर, म्हणजे चांगली लांब आहे. पण इंधन पूर्ण भरलेलं, सगळ्या सीट भरलेल्या, ऊन मे महिन्याचं आणि सफर जेद्दापर्यंतचा, तर तक्त्यातला आकडा खाली येऊ शकतो. सध्या हज मे-जूनमध्ये येतो. परतीच्या वेळी तिकडं सौदीतही हीच गत.

मग वजन कशातून कमी करणार? इंधन कमी करता येत नाही, राखीव इंधन किती हवं हेही नियमानंच ठरतं. माणसं उतरवणं शेवटचा पर्याय. उरलं सामान. म्हणून काही बॅगा मागं राहतात आणि पुढच्या विमानानं येतात. प्रत्येक वेळी कारण हेच असतं असं नाही, निष्काळजीपणानंही बॅगा राहतात आणि त्याची तक्रार जरूर करावी. पण वजनाचं कारण बऱ्याचदा खरं असतं. काउंटरवरच्या पोरानं मात्र ते नीट सांगायला हवं होतं, हे चाचांचं म्हणणं मला पटतं.

हिशोब करून बघा. ए-३२० निओ प्रकारच्या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन साधारण ७९ टन. त्यात विमान, इंधन, माणसं, सामान सगळं आलं. १८० प्रवाशांनी प्रत्येकी ४ किलो जास्तीचं, खजूर म्हणा, जायनमाज म्हणा, हातातल्या पिशवीत लपवून नेलं तर ७२० किलो झाले. प्रवाशांचं वजन कंपन्या सरासरीनं धरतात, प्रत्येकाला काट्यावर उभं करत नाहीत. म्हणजे लपवलेले ते ७२० किलो कागदावर कुठंच येत नाहीत. कॅप्टन सही करतो तो लोड अँड ट्रिम शीट तेवढ्यापुरता खोटा ठरतो, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

झमझमचंही तसंच. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना ५ लिटरचा कॅन बहुतेक वेळा इथं विमानतळावर उतरल्यावर देतात. तो तिकडून आधीच आलेला असतो, कारण हाजींना सोडून परत येणारी विमानं रिकामी असतात. तरी लोक बॅगेत बाटल्या भरतात. बॅग उघडली की बाटल्या बाहेर, आणि मग रडारड. पॉवर बँकचा नियम वेगळ्या कारणासाठी आहे. लिथियमची बॅटरी पेटली तर सामानाच्या कप्प्यात कुणी विझवायला जाऊ शकत नाही, म्हणून ती हातातल्या सामानातच ठेवायची.

आता दुसरा कागद, ज्यावरून नुकताच मोठा गाजावाजा झाला. उड्डाणयोग्यतेचं मूळ प्रमाणपत्र एकदा मिळालं की संपलं असं नसतं. ते जिवंत ठेवायला उड्डाणयोग्यता फेरतपासणीचं प्रमाणपत्र लागतं. त्यालाच एआरसी म्हणतात आणि त्याची मुदत एक वर्षाची. विमानाचे सगळे रेकॉर्ड, दुरुस्त्या, बदललेले भाग तपासून आणि विमान प्रत्यक्ष बघून ते मिळतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअर इंडियाच्या एका ए-३२० विमानानं मुदत संपलेल्या एआरसीवर प्रवासी घेऊन आठ फेऱ्या मारल्या. कंपनीनं स्वतःच ते डीजीसीएला कळवलं. डीजीसीएनं विमान उभं करायला लावलं आणि चौकशी सुरू केली. झालं होतं असं की विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाल्यावर तिकडच्या ७० विमानांना नव्यानं एआरसी द्यायची होती. ६९ विमानांना ती मिळाली. सत्तरावं विमान इंजिन बदलण्यासाठी उभं होतं, त्या काळात जुनी मुदत संपली, आणि इंजिन बसल्यावर विमान थेट फेरीला लागलं.

आठ फेऱ्यांत काही झालं नाही, सगळे सुखरूप उतरले. काही जण म्हणतील मग एवढा गाजावाजा कशाला. मला ते पटत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर, नियोजन विभाग, वैमानिक असे इतके डोळे असताना फाइलमधली एक तारीख कुणालाच दिसली नाही, तर दुसरं काय काय दिसत नसेल? वैमानिकानं उड्डाणापूर्वी कागद बघायचे असतात ते यासाठीच.

आणि कागद असूनही तो पाळला नाही तर काय होतं हे कोझिकोडनं दाखवलं. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं विमान, लॉकडाऊनमध्ये अडकलेले आपले लोक घेऊन, पावसात आणि मागून वारा असताना धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं आणि टोकावरून खाली गेलं. २१ माणसं गेली. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, पुन्हा वर जायला हवं होतं, असा निष्कर्ष चौकशी अहवालात आहे.

छोट्या बिघाडांसाठीही एक पुस्तक असतं, मिनिमम इक्विपमेंट लिस्ट नावाचं. कुठला भाग बंद असताना उडता येतं आणि तो किती दिवसांत दुरुस्त करायचा, हे त्यात असतं. सीटवर किंवा दिव्यावर "इनॉप" असं लेबल दिसलं तर घाबरू नका, तो बिघाड टेक्निकल लॉगमध्ये नोंदवलेला असायला हवा. आता बरेचसे कागद टॅब्लेटवर आले आहेत. फेब्रुवारी २०२५ पासून वैमानिकांचे परवानेही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यायला सुरुवात झाली.

प्रवाशांच्या यादीबद्दल एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. त्या यादीत नाव जातं ते तिकिटावरचं. आपल्याकडं शेख आधी की नंतर, मोहम्मदचं नुसतं एमडी, बायकांच्या नावात कुठं बी तर कुठं खातून, असा घोळ नेहमीचा. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच तिकिटावर येतंय का, हे बुकिंगच्या दिवशीच बघा, एजंटवर सोडू नका. दुर्दैवानं काही घडलं तर कोण विमानात होतं याचा पहिला शोध त्याच यादीतून लागतो.

शेवटी पोरांबद्दल. पायलट किंवा विमानाचा इंजिनिअर व्हायचंय म्हणणारी मुलं आता देवळी-पुलगावातही भेटतात, ही खुशीची बाब आहे. नागपूर जवळ आहे, गोंदियाच्या बिरसीत प्रशिक्षण चालतं. पण फी लाखांत असते, कधी शेत विकून भरलेली. पैसे भरण्याआधी त्या संस्थेला डीजीसीएची मान्यता आजच्या तारखेला आहे का, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा. फ्लाइंग स्कूल असेल तर प्रत्यक्ष जाऊन विचारा: विमानं किती, त्यातली उडती किती, आणि त्यांची एआरसी कुठल्या तारखेपर्यंत आहे? हँगरमध्ये चार विमानं दिसली म्हणजे चारही उडतात असं नसतं. तारीख दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर चेकबुक खिशातच ठेवा.