जुने स्वर हेडफोनसाठी तयार करताना

आपल्या शाळेच्या कपाटात कॅसेटांची एक पेटी अनेक वर्षे पडून होती. वार्षिक स्नेहसंमेलने, १४ एप्रिलचे कार्यक्रम, वैशाख पौर्णिमेची सामूहिक वंदना, विद्यार्थ्यांनी बसविलेली भीमगीते असे बरेच काही तीत साठलेले आहे. हे सारे मोबाइलवर ऐकावयास मिळेल काय, अशी विचारणा माजी विद्यार्थ्यांकडून वारंवार होत असे. म्हणून आम्ही काही शिक्षक व माजी विद्यार्थी एकत्र आलो आणि एकेक कॅसेट संगणकावर उतरवू लागलो. या कामात जे शिकलो आणि जेथे चुकलो, ते येथे मांडीत आहोत. अशा कॅसेटा आपल्यापैकी अनेकांच्या घरीही असतील.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सभागृहात दोन स्पीकर लावले, तर डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानाप्रमाणेच उजव्या कानातही पोहोचतो. मात्र किंचित उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा मंद होऊन. हा उशीर एका सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागाएवढाच असतो. पण त्यावरूनच गायक कोठे बसला आहे, याचा अंदाज आपला मेंदू बांधतो. हेडफोनमध्ये ही देवाणघेवाण होत नाही. डावीकडचे डाव्याच कानात, उजवीकडचे उजव्याच कानात. ज्या मुद्रणात ढोलकी एका बाजूस आणि कोरस दुसऱ्या बाजूस आहे, ते हेडफोनवर ऐकताना गाणे दुभंगल्यासारखे वाटते आणि थोड्या वेळात डोके शिणते.

यावरील उपायास ‘क्रॉसफीड’ म्हणतात. डाव्या बाजूचा थोडा आवाज, त्यातील तीव्र स्वर कमी करून व किंचित उशिराने, उजव्या बाजूत मिसळावयाचा, तसेच उलटही. बेंजामिन बाउर यांनी १९६१ मध्ये या विषयावर लेखन केले होते. त्या काळी त्यासाठी विद्युतमंडल जोडावे लागे. आज संगणकावरील प्रणाली तेच काम करते. मात्र आपल्या बहुतेक कॅसेटा एकाच माइकवर मुद्रित झाल्या आहेत. त्यांत दोन्ही बाजूंना एकच ध्वनी असल्याने तेथे क्रॉसफीडचा उपयोग नाही. कोणता संस्कार करावयाचा, यापेक्षा तो आवश्यक आहे काय, हा प्रश्न आधी विचारावा.

जुन्या मुद्रणातील दोन दोष हेडफोनवर विशेष जाणवतात. एक म्हणजे विजेची घरघर. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने ती ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास ऐकू येते. दुसरा म्हणजे फितीची सततची सळसळ. पठण अथवा भाषण असेल, तर इक्वलायझरने ८० हर्ट्झच्या खालचा भाग उतरविल्यास घरघर बरीच कमी होते आणि आवाजास बाधा येत नाही. परंतु ढोलकीच्या गाण्यावर हाच उपाय केला, तर तिचा घुमारा नाहीसा होण्याचा धोका असतो.

सळसळ काढताना आमच्या हातून जे घडले, ते सांगितलेच पाहिजे. पावसाळ्यात मुद्रित झालेली वंदनेची एक कॅसेट होती. तीत वंदना सांगणारे गुरुजी आज हयात नाहीत. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत ‘नॉइज रिडक्शन’ नावाची सोय आहे. निव्वळ सळसळीचा एक तुकडा तिला दाखविला की ती तसाच ध्वनी सर्वत्र कमी करते. आम्ही उत्साहाच्या भरात ती फार जोराने वापरली आणि मूळ फाइलवरच जतन केली. ते मुद्रण ऐकून एका माजी विद्यार्थ्याने कळविले, ‘सर, आवाज स्वच्छ आहे, पण आपली शाळा त्यात नाही. पत्र्यावरचा पाऊस कोठे गेला?’ पाऊस तर गेलाच होता; मुलांच्या आवाजातील श्वास आणि ‘स’काराची धारही गेली होती. सारे पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते. पुन्हा उतरविण्यासाठी कॅसेट लावली, तेव्हा फीत यंत्रात अडकून चुरगळली. ती काही मिनिटे आता त्या धुतलेल्या रूपातच उरली आहेत.

तेव्हापासून आम्ही एक नियम कसोशीने पाळतो. कॅसेट उतरविताच तिची वेव्ह फाइल दोन ठिकाणी ठेवावयाची आणि तिला कधीही हात लावावयाचा नाही. ६० मिनिटांची कॅसेट सुमारे ६०० एमबी जागा घेते. ती खुशाल घेऊ द्यावी. सर्व संस्कार प्रतीवर करावेत आणि अगदी शेवटी एकदाच एमपी३ करावे. एमपी३ करताना ध्वनीचा काही भाग कायमचा वगळला जातो आणि दरवेळी पुन्हा जतन करताना तो आणखी झिजतो.

एसटीत किंवा लोकलमध्ये ऐकणाऱ्यांसाठी ‘कॉम्प्रेशन’ उपयोगी पडते. हळू म्हटलेली ओळ इंजिनाच्या आवाजात बुडते, म्हणून श्रोता आवाज वाढवितो आणि पुढच्याच क्षणी कोरस कानावर आदळतो. दोनास एक या प्रमाणात कॉम्प्रेशन केल्यास ठरविलेल्या मर्यादेवरील प्रत्येक दोन डेसिबलची वाढ एकच होऊन येते. मग सारे मुद्रण थोडे उचलता येते. अखेरीस सर्वोच्च पातळी शून्याच्या एक डेसिबल खाली ठेवावी, म्हणजे आवाज फाटत नाही.

येथे पालकांना एक विनंती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबल पातळीवर आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये. मुलांसाठी हीच पातळी ७५ आहे. ९० डेसिबलवर मर्यादा अवघी चार तासांची. मुद्रण नीट तयार केलेले असेल, तर आवाज वाढविण्याची गरजच कमी भासते.

सोण थेरांना तथागतांनी दिलेला वीणेचा दृष्टान्त आपण सर्वांनी ऐकला आहे. तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी नाही. तो उपदेश साधनेसाठी होता. परंतु संगणकापुढे बसल्यावर आम्हांला तो वारंवार आठवतो. सळसळ थोडी राहू द्यावी, पाऊस राहू द्यावा, म्हणजे माणूसही राहतो.

आपल्या घरी शाळेची एखादी कॅसेट असल्यास ती जुन्या यंत्रात लावून पाहू नये. आमच्याकडे आणून द्यावी. उतरवून झाल्यावर ती सन्मानपूर्वक परत केली जाईल. पावसातल्या त्या वंदनेची दुसरी प्रत कोणाकडे असेल, तर तिची आम्ही विशेष वाट पाहत आहोत.