चौकटीतल्या बायका : निऱ्यांत दडलेला काठ

या आठवड्यात ‘पर्सेपोलिस’मधल्या मार्जीला व्हिएन्नाच्या विमानात बसवायचं ठरलं होतं. तिला आणखी आठ दिवस तेहरानात काढावे लागणार, कारण चिंचणीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमेना. बाईंनी नातीकडून सत्रापीचं ते चित्रांतलं आत्मकथन मागून घेतलं, एका बैठकीत संपवलं आणि मग मला धारेवर धरलं. इराणच्या पोरीचं कौतुक किती आठवडे चालवणार? धर्माची उलथापालथ आपल्याकडेही झाली. तेव्हा आपल्याकडे मार्जीसारख्या दहा वर्षांच्या मुली नव्हत्या की काय?

होत्या की! आणि त्यांनी लिहिलंयही. फक्त ते चित्रांच्या चौकटींत मांडलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून आजवर इथे त्यांचा विषय निघाला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा उर्मिला पवार अकरा वर्षांच्या होत्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या फणसवळ्याच्या. त्यांचं ‘आयदान’ हे आत्मकथन २००३चं. बेबी कांबळे त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठ्या, जन्म १९२९चा. हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार येवल्याला १९३५मध्ये जाहीर झाला तेव्हा त्या सहा वर्षांच्या. प्रत्यक्ष दीक्षेच्या वेळी सत्तावीस वर्षांच्या संसारी बाई. त्यांचं ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ला पुस्तक झालं.

हा फरक मोठा आहे. मार्जीची शाळा वर्षभरात पालटली. १९७९ला क्रांती, १९८०ला डोक्यावर सक्तीचा रुमाल. आपल्याकडे घोषणा आणि दीक्षा यांच्यात एकवीस वर्षं गेली. तेवढ्यात परकरातली पोर आई झाली. शिवाय तिथे नव्या सरकारनं वरून हुकूम काढला, इथे गावकुसाबाहेरची माणसं आपणहून उठली. म्हणजे बाईंना जो जोड हवाय तो सरळ जुळत नाही. पण एका ठिकाणी दोन्ही गोष्टी अगदी समोरासमोर येतात. ते ठिकाण म्हणजे बाईच्या अंगावरचं कापड.

‘पर्सेपोलिस’चं पहिलं पान आठवा. पहिल्या चौकटीत रुमाल बांधलेली मार्जी, हाताची घडी, तोंड पडलेलं. दुसऱ्या चौकटीत वर्गाचा फोटो, त्यात ती कडेला कापली गेलेली. खाली शाळेच्या आवारात मुलींनी त्याच रुमालांचे खेळ मांडलेत. कुणी उड्या मारतंय, कुणी घोडा-घोडा खेळतंय. राजकारण मागाहून येतं, आधी कापड येतं.

आता महाड. डिसेंबर १९२७च्या परिषदेत मनुस्मृती जाळली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, गळ्यातल्या गळसऱ्या, कोपरापर्यंतच्या गोटपाटल्या ही सगळी जात ओळखू येण्याची खूण आहे, ती टाका, असं त्यांनी बजावलं. बायकांनी मनावर घेतलं. टिपणीस आणि चित्रे या सहकाऱ्यांच्या घरातल्या बायकांनी हाताशी राहून त्यांना पायघोळ लुगडं नेसायला मदत केली. दीक्षेला अजून एकोणतीस वर्षं होती, पण निऱ्या खाली उतरल्या होत्या. इराणात बाईवर कापड चढवलं ते हुकमानं. महाडलाही कापड वाढलंच, पण ते मोकळं होण्यासाठी. वार दोन वार कापड बाईला बांधतं की सोडवतं, हे ते नेसायला कुणी सांगितलं आणि तिनं होकार दिला की नाही, यावर ठरतं.

आता माझा आवडता मुद्दा, आणि आजचा निम्मा लेख त्यावर जाणार, राग मानू नका. बेबीताई लिहितात की महार बाईनं लुगडं नेसताना काठ निऱ्यांत दडवायचा, असा दंडक होता. काठ दिसू देणं वरच्या जातीच्या बायकांचं. हे चित्रात कसं काढायचं?

सत्रापीचं काम त्या मानानं सोपं. तिनं राखाडी छटा वापरलीच नाही. नुसता काळा आणि पांढरा. डोक्यावरचा रुमाल हा काळा ठोकळा. पाच मुली काढा, पाच ठोकळे होतात, त्यातून पाच चेहरे बाहेर बघतात. जुलूम तिथे डोळ्यांना दिसतो. बेबीताईंच्या बाईवरचा जुलूम मात्र न दिसण्यात आहे. काठ आहे, तिनं तो विकत घेतलाय, पण तो दिसता कामा नये. न काढलेली रेघ वाचकाला कशी दाखवणार? मला वाटतं, दोन चौकटी लागतील. पहिलीत बाई झोपडीच्या अंधारात निऱ्या घालतेय, बोटांत काठ धरलेला, तो ठसठशीत काळा. दुसरीत तीच बाई उजेडात, डोक्यावर सरपणाचा भारा, आणि लुगड्यावर काठाची रेघच नाही. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत तो काठ गेला, हे वाचकाचं वाचकानं ओळखायचं.

भारा मुद्दाम काढला. या बायका सरपण विकायला ब्राह्मणआळीत जात, तेव्हा लाकडांत बाईचा एखादा केस किंवा लुगड्याचा धागा अडकलाय का, हे बघून घ्यायला त्यांना बजावलं जाई. घर विटाळायला नको म्हणून! ही चौकट मी पानभर काढेन. एक ढलपी, तिच्या सालीत अडकलेला एकच केस, बाकी पान कोरं.

एक पथ्य मात्र चित्रकारानं पाळायला हवं. आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या म्हाताऱ्या बायाही काष्टा घालून गुडघ्यापर्यंतच लुगडं नेसतात. पाण्याचिखलातलं काम, पायात घोळ आला तर चालेल कसं? उंची तीच, पण महाडला ती जातीची खूण आणि इथे कामाची सोय. नुसतं गुडघ्यापर्यंतचं लुगडं काढून काही सिद्ध होत नाही. ते बघणारा माणूसही चौकटीत काढावा लागतो.

काढणारे हात आपल्याकडे नाहीत असं नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्यानं बाबासाहेबांवर ‘भीमायन’ केलं, २०११मध्ये. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही म्हणून त्यांनी चौकटी मोडूनच टाकल्या आणि आपल्या भिंतीवरच्या दिग्णा नक्षीच्या वळणानं पानं विभागली. संवादाचे फुगेही त्यांचे स्वतःचे. साध्या बोलण्याला पक्ष्याचा आकार, विषारी बोलण्याला विंचवाची नांगी. सरपणाच्या प्रसंगाला ही नांगी फुकट मिळालीच आहे. आणि इथल्या वारली घरांत लग्नाचा चौक पिढ्यान् पिढ्या सवाशिणींनीच लिहिला, हेही विसरू नका.

चिंचणीच्या बाईंना एक गोष्ट मात्र गोड लागणार नाही. बेबीताईंनी आपलं लिखाण वीस वर्षं लपवून ठेवलं, तेही घरच्यांपासून. फलटणला दुकानात बसल्या-बसल्या, नवरा नसेल तेव्हा त्या लिहायच्या आणि वह्या दडवायच्या. देव गेले, व्रतं गेली, काठ निऱ्यांतून बाहेर आला; पण घरातल्या पुरुषाचा धाक तसाच राहिला. धम्मक्रांतीचे गोडवे गाणाऱ्या बाईनंच हे सांगितलंय, म्हणून त्याला वजन आहे. काठ उघडा पडल्यावर दडवायला वह्या आल्या, ही माझ्या मते त्या न काढलेल्या पुस्तकाची शेवटची चौकट.

तुमच्यापैकी कुणाच्या आजीनं नेसणं बदललं असेल, छप्पन साली घरातले देव बाहेर पडताना पाहिले असतील, तर लिहून पाठवा. चित्र काढून पाठवलंत तर फारच उत्तम. हात साफ नसला तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात मार्जी विमानात बसणार, आता खरंच. व्हिएन्नात तिच्या डोक्यावर रुमाल नाही, टोकायला कुणी नाही, आणि एका पार्टीत ही पोर आपण फ्रेंच आहोत असं ठोकून देते. चिंचणीच्या बाईंचं त्यावरचं पत्र मला आत्ताच दिसतंय.