परसातल्या कोंबड्या आणि शिमग्याची मानमोडी

तुमच्या घरी कोंबड्या किती, असं कुणी विचारलं तर घरधनी जरा विचारात पडतो आणि घरधनीण चुलीपुढून न उठता आकडा सांगते. एक कोंबडा, सात कोंबड्या, त्यातली एक खुडूक, आणि अकरा पिल्लं. हा हिशेब सातबाऱ्यावर नसतो की सोसायटीच्या वहीत नसतो. पण पोरांच्या वह्या, एसटीचं भाडं, आल्यागेल्याचा पाहुणचार आणि अडीनडीचे दोन-चारशे रुपये यातूनच निघतात.

आणि मग शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी खुराडं उघडावं तर एक कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसलेली असते. दुसऱ्या दिवशी तीन. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडी, घशात घरघर, मान वाकडी. आठ-दहा दिवसांत आळीतली खुराडी रिकामी होतात. लोक म्हणतात, साथ आली. हे इतक्या वेळा झालं आहे की आता कुणी त्याचं वाईटही वाटून घेत नाही. पुन्हा बाजारातून दोन तलंगा आणायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात.

परसातल्या कोंबड्या नैसर्गिक पद्धतीने पाळाव्यात, याबद्दल दुमत नाही. पिंजरा नको, विकतचं खाद्य नको, उबवणीचं यंत्र नको. पण नैसर्गिक म्हणजे देवाच्या भरवशावर सोडलेलं, असा अर्थ आपण करून बसलो आहोत. कोंबडी पुष्कळ गोष्टी स्वतः करते. दोन मात्र तिला जमत नाहीत : पहिल्या महिन्यात पिल्लं वाचवणं आणि मानमोडीला अडवणं. तेवढ्या माणसाने करायच्या.

खुडूक कोंबडी हेच यंत्र

देशी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. तीन-चार पाळ्यांत देते आणि प्रत्येक पाळीनंतर खुडूक बसते. अंड्यांचा धंदा करणाऱ्याला हा दोष वाटतो. आपल्याला तो गुण आहे, कारण वीज गेली तरी हे यंत्र बंद पडत नाही.

उबवायला अंडी निवडताना घाई करू नका. फार लहान, फार मोठी, तडा गेलेली किंवा वेडीवाकडी अंडी बाजूला काढा. अंडं धुऊ नका. जमवून ठेवायची तर ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवा, रुंद टोक वर आणि निमुळतं टोक खाली. हिवाळ्यात आठवड्याच्या आतली अंडी घ्यावीत, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या आतली. वैशाखाच्या उन्हात फळीवर ठेवलेलं अंडं घरातच अर्धवट उबायला लागतं आणि आतला जीव मरतो. मग आपण म्हणतो, कोंबडी नीट बसली नाही. माझी आजी टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवायची, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. ठेवायचा तर ठेवा, खिळ्याने बिघडत काही नाही. पण अंडी नासतात ती जुनी असल्याने किंवा कोंबडा नसल्याने. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा लागतोच, आणि तो दर दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावचा आणावा. बापानंतर त्याचाच पोरगा ठेवला की पुढची पिल्लं कमजोर निपजतात.

एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरे. पंधरा ठेवली तर कडेची गार पडतात. टोपलीत राखेचा थर, त्यावर पेंढा, अंधारी आणि शांत जागा. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखाखाली ऊ-पिसवा पाहा आणि राख चोळा. अंगाला चावे बसत असले तर ती अंड्यांवर टिकत नाही. दाणापाणी जवळ ठेवा. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटं उठते, तेवढ्यात तिला मिळालं पाहिजे.

सातव्या-आठव्या रात्री अंधारात मोबाइलची बॅटरी अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. अंडं साफ दिसलं तर ते फलित नाही, काढून टाका. ठेवलं तर नासून फुटतं आणि बाकीच्यांनाही घाण लागते. २१ व्या दिवशी पिल्लं निघतात.

जुन्या बायकांची एक युक्ती इथे सांगण्यासारखी आहे. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवायच्या. पिल्लं निघाली की रात्रीच्या अंधारात सगळी एकीच्या पंखाखाली सरकवायची. सकाळी तिला फरक कळत नाही आणि दुसरी कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते.

बसवण्याचा हंगाम दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा. पावसाळ्यात पिल्लं भिजतात आणि रक्ती हगवणीने जातात, उन्हाळ्यात अंडीच टिकत नाहीत.

पहिला महिना

बारा पिल्लं निघाली आणि दोन महिन्यांनी चार उरली, हे ज्यांच्या घरी झालं नाही त्यांनी हा भाग सोडून द्यावा. घार, कावळा, मांजर, मुंगूस, आणि कधी दारातलंच कुत्रं. शिवाय आई पिल्लांना घेऊन गावभर हिंडते आणि मागे राहिलेलं पिल्लू थंडीने मरतं.

उपाय साधा आहे. पहिले तीन आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली किंवा कुडाच्या लहानशा आडोशाला ठेवा. डालग्याच्या फटी एवढ्याच असाव्यात की पिल्लू बाहेर येईल, पण कोंबडी येणार नाही. बाहेर फटीजवळ बारीक कण्या, बाजरीची भरड, तांदळाची चुरी टाकावी. पिल्लं येऊन खातात आणि भीती वाटली की आईकडे पळतात. वरून जुनं जाळं टाकलं की घारीचा प्रश्न मिटतो. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात दोन-तीन खडे टाकावेत. खोल भांड्यात पिल्लं बुडून मरतात, हे आपल्याला ती मेल्यावर आठवतं.

उकिरडा, वाळवी आणि शेवगा

मोकळी हिंडणारी कोंबडी आपलं पोट बरंचसं आपणच भरते. किडे, गांडुळं, पडलेले दाणे, कोवळं गवत. संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी मूठभर ज्वारी-बाजरी किंवा कण्या टाकाव्यात. एक तर पोटाला आधार होतो, आणि दुसरं, सगळी कोंबडी घरी येते व मोजता येते.

कमी पडतं ते मांसल खाद्य, म्हणजे प्रथिनं. त्यासाठी वाळवीचं मडकं लावा. फुटक्या मडक्यात जुनं गोणपाट, कडबा आणि वाळलं शेण भरून पाणी शिंपडा, आणि वारुळापाशी किंवा बांधावर वाळवी दिसेल तिथे ते उपडं घाला. रात्रभरात वाळवी चढते. सकाळी पिल्लांपुढे झटका. उन्हात मडक्यावर ओलं पोतं टाकावं लागतं. शेवग्याचा पाला, लसूणघास, अझोला यातलं जे जवळ असेल ते द्या. अंड्याची टरफलं भाजून, कुटून घातली की अंड्याचं कवच मऊ पडत नाही.

बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा कोंबड्यांना घालू नका. माणसाला नको ते कोंबडीला, ही सवय इथे महागात पडते, कारण त्या बुरशीचं विष कोंबडीच्या काळजाला लागतं. तसंच पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेलं बियाणं. आमच्याच घरी एकदा बियाण्याची रिकामी पिशवी परसात झटकली गेली आणि दिवस मावळायच्या आत तीन कोंबड्या गेल्या. चूक माझीच होती.

किती कोंबड्या ठेवाव्यात? माझं मत असं, की निव्वळ हिंडून खाणाऱ्या आठ-दहा मोठ्या पक्ष्यांवर जाऊ नये. त्यापुढे उकिरडा पुरत नाही, कोंबड्या शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरतात आणि भांडणं सुरू होतात.

सुधारित जातींबद्दल लोक विचारतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज, या परसासाठीच काढलेल्या जाती आहेत. वजन चांगलं, वर्षाला शंभरावर अंडी. पण त्या खुडूक बसत नाहीत, अंगाने जड असल्याने कुत्र्या-मुंगसापासून पळता येत नाही, आणि त्यांची घरी काढलेली पिल्लं आईबापासारखी निघत नाहीत. दरवेळी पिल्लं बाहेरून आणावी लागतात. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथे चौकशी करावी. घ्यायच्या तर चार घ्या, पण घरच्या देशी कोंबड्या मोडू नका.

खुराडं जमिनीपासून हातभर उंच, हवेशीर, आत बसायला दांडी. भिंतीच्या फटीत कोंबडीच्या गोचीड दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. म्हणून फटी बुजवून दर दोन-तीन महिन्यांनी चुना मारा. परसात एका खड्ड्यात राख आणि बारीक माती कायम ठेवा. कोंबड्या त्यात लोळून अंग झटकतात, तीच त्यांची अंघोळ.

मानमोडीवर झाडपाला नाही

आता मूळ दुखण्याकडे. मानमोडी म्हणजेच राणीखेत. हा विषाणूचा रोग आहे. १९२६ साली तो जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला ओळखला गेला, आणि पुढे आपल्याकडे राणीखेतला दिसला म्हणून आपण त्याला ते नाव दिलं. लस न दिलेल्या कळपात शंभरातल्या नव्वदही जातात. हळद, लसूण, कांदा पाण्यातून द्यायचा असेल तर द्या, माझी हरकत नाही. पण त्याने मानमोडी थांबत नाही. एकदा लागण झाली की डॉक्टरकडेही इलाज नाही. उपाय आधीचाच.

पिल्लू सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. आठ आठवड्यांनी आर-टू-बी लस, पंखाखाली टोचून. ही दुसरी लस सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना देऊ नये, त्यांना ती सोसत नाही. आजारी पक्ष्यांनाही देऊ नये. टोचण्याआधी आठवडाभर जंताचं औषध द्यावं. उन्हाळ्याची साथ धरायची तर हे सगळं पौष-माघात उरकलं पाहिजे. शिमग्याला दवाखान्यात धावून उपयोग नाही. देवीच्या लसीबद्दलही त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्या.

साथ पसरवणारे आपणच असतो, हेही कबूल करू. एक कोंबडी मरगळली की उरलेल्या बाजारच्या दिवशी पडेल त्या भावात विकायच्या, ही आपली पद्धत. तुमची आजारी कोंबडी दुसऱ्या गावच्या खुराड्यात जाते आणि त्या गावची तुमच्याकडे. नवा पक्षी आणला की पंधरा दिवस ते तीन आठवडे वेगळा ठेवा. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरा.

पुष्कळ पक्षी एकाएकी मेले, किंवा गावात कावळे मरून पडू लागले, तर ही मानमोडीच आहे असं धरून चालू नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, आणि त्याही बर्ड फ्लूनेच. डोळ्यांनी बघून दोन्हीतला फरक सांगता येत नाही. पक्षी कापू नका, खाऊ नका, उघड्या हाताने उचलू नका आणि लगेच कळवा. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या कायद्याने ही माहिती देणं पक्षी पाळणाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. व्यवहाराचंही सांगतो : भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवण्यात नुकसान लपवणाऱ्याचंच.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

लस महाग आहे म्हणून लोक देत नाहीत, असं नाही. अडचण वेगळीच आहे. पुण्यात औंधला शासनाची संस्था ही लस तयार करते, पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत ती मिळू शकते. पण एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि आपल्या घरी पक्षी दहा. लस २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवावी लागते, बर्फावर आणावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. एकट्या बाईने तालुक्याहून ती आणून दहा कोंबड्यांना द्यायची आणि नव्वद मात्रा ओतून टाकायच्या, हे होणार नाही. म्हणून हे काम घराचं नसून वस्तीचं आहे.

ग्रामसभेत नाही जमलं तर बचत गटाच्या बैठकीत घ्या. अंगणवाडी ताई आणि आशा ताईंना कोणत्या घरी किती पक्षी ते ठाऊक असतं, नसलं तर एका संध्याकाळी मोजून होतं. आकडा घेऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांना महिनाभर आधी लेखी कळवा. दिवस ठरला की आदल्या रात्री दवंडी द्या, व्हॉट्सॲपवर टाका आणि सकाळी उजाडायच्या आत, कोंबड्या खुराड्यातच असताना सुरुवात करा. सूर्य वर आला की त्या रानात पांगतात आणि मागे धावणाऱ्यांची नुसती करमणूक होते. लस थर्मासमध्ये बर्फावर ठेवा, उन्हात उघडू नका. एक बाटली संपल्याशिवाय दुसरी मिसळू नका. आणि सुरुवात गावठाणातून न करता लांबच्या वस्तीपासून करा, नाहीतर बर्फ वितळेपर्यंत तिथे कुणी पोचत नाही.