इंटरनेट एकाच संगणकावर, पान मात्र सगळ्या वर्गात!

आमच्या हावड्यात, शिबपूरच्या एका शाळेतल्या दीदीमणींनी, म्हणजे बाईंनी, विचारलं, "लॅबमधले संगणक केबलने एकमेकांना जोडलेत, पण नेट फक्त माझ्याच मशीनवर आहे. हावडा ब्रिजचं विकिपीडियाचं पान सगळ्या मुलांना कसं दाखवू?"

यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही.

लिनक्सवर चार-पाच ओळींची स्क्रिप्ट पुरते. आधी 'डब्ल्यूगेट' हा प्रोग्राम पान एका फोल्डरमध्ये उतरवून घेतो. त्याला 'पी' आणि मोठा 'एच' (H) हे पर्याय दिले की दुसऱ्या सर्व्हरवरची चित्रंही सोबत येतात, 'के' दिला की दुवे स्थानिक होतात. मग त्याच फोल्डरमधून पायथनचं 'एचटीटीपी डॉट सर्व्हर' हे मॉड्यूल चालवायचं. ते पायथनबरोबरच येतं आणि ८००० क्रमांकाच्या पोर्टवर सुरू होतं.

मुलांनी ब्राउझरमध्ये बाईंच्या संगणकाचा आयपी पत्ता, कोलन (:) आणि ८००० टाइप केलं की फोल्डरची यादी समोर! पान उघडलं नाही, तर आधी फायरवॉल तपासा. बहुतेक वेळा तिथेच अडतं.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा. स्क्रिप्ट वेगळ्या फोल्डरमधूनच चालवा, कारण त्यातली प्रत्येक फाइल सगळ्यांना दिसते. मार्कांची यादी तिथे नको! हा सर्व्हर लॅबपुरताच ठीक, बाहेरच्या इंटरनेटसाठी नाही.

जावास्क्रिप्टवर चालणारी पानं अशी नीट उतरत नाहीत. विकिपीडियाचं मात्र छान जमतं, आणि श्रेय दिलं की तो मजकूर वाटायला परवानगीही आहे. अख्खा विकिपीडियाच हवा असेल तर 'किविक्स' बघा, तेही मोफत आहे.

तुमच्या शाळेत विंडोज आहे का? कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा, नक्की सांगेन.